पान दाखव

डिसेंबर लागला की माझ्याकडे दरवर्षी एकच मागणी येते. यंदा काय वाचलं, काय पाहिलं, कोणाला मिळायला हवं आणि कोणाला उगाच मिळेल, ते लिहून द्या. आधी साहित्य अकादमीची कुजबुज, मग संमेलनाचा मांडव, फेब्रुवारीत राज्य शासनाचे वाङ्मय पुरस्कार, मार्चात ऑस्कर. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचं मात्र काही खरं नाही, ते आपल्या मर्जीने उगवतात. २०२३ सालच्या चित्रपटांचे पुरस्कार जाहीर व्हायला २०२५ चा ऑगस्ट उजाडला. मी लिहून देते. त्यावर बरी-वाईट पत्रं येतात, एखादा लेखक बोलणं टाकतो, दुसरा नव्याने बोलू लागतो. पण ज्या माणसामुळे मला स्वतःचं मत असू शकतं हे कळलं, त्याच्याविषयी मी आजवर एक ओळ लिहिलेली नाही.

तो माणूस शिंपी आहे. राहणार मंगरूळपीर, जिल्हा वाशीम. नाव देत नाही, कारण आपलं नाव कुठे छापून आलेलं त्यांना आवडत नाही. दुकानावर पाटीसुद्धा नव्हती. कोणी पत्ता विचारला तर लोक हयात कलंदरच्या दर्ग्यापासून हातवारे सुरू करत. आम्ही त्यांना काका म्हणायचो, आणि इथेही काकाच म्हणेन.

आमचं घर दुकानाच्या मागच्या गल्लीत. बाबा एसटीत वाहक. त्यांच्या खाकी पँटची शिवण, आईचे ब्लाउज, माझे शाळेचे गणवेश, सगळं काकांकडे. दुकानात दोन पायमशिनी, कटिंगचा टेबल, कोळशाची इस्त्री आणि गिऱ्हाइकांसाठी एक लांब बाक. टेबलाच्या खणात खडू, फीत, बॉबिनी आणि त्यांच्यातच वाचनालयाचं एखादं पुस्तक. काका सातवीपर्यंत शिकलेले. वाचनालयात त्यांचं खातं होतं, पण दुकान सोडून जाता येत नसे, म्हणून पुस्तक बदलून आणायचं काम माझ्याकडे आलं. बदल्यात काय, तर आणलेलं पुस्तक आधी मी वाचायचं. मला त्यात फायदा दिसला. त्यांना त्यात काय दिसलं होतं ते नंतर कळलं.

पुस्तक परत करायला गेले की मशीन थांबवून विचारत, "कसं वाटलं?"

"चांगलं आहे."

"कुठं चांगलं हाये? पान दाखव."

हे 'पान दाखव' मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आजही लेखात एखादं मोठं विशेषण लिहिताना हात अडखळतो. चांगलं म्हणा, वाईट म्हणा, रडकं म्हणा, लबाड म्हणा, त्यांची कशाला हरकत नव्हती. फक्त ते पुस्तकात कुठे आहे, त्यावर बोट ठेवायचं. बोट ठेवता आलं नाही तर पुस्तक पुन्हा पिशवीत. रागवणं नाही, उपदेश नाही. "उद्या आन," एवढंच म्हणून मशीन सुरू.

त्यांनी स्वतः वाचलेली पहिली कादंबरी उद्धव शेळक्यांची 'धग'. १९६० ची. बाकावर बसलेल्या कोणीतरी सांगितलं होतं की त्यात तुमच्यातला एक शिंपी आहे, म्हणून वाचली. वाचून आनंद व्हायच्या ऐवजी काकांना रागच आला. महादेव शिंपी घराला पुरेल असं धड काही करत नाही आणि कौतिक लेकरांसाठी मरमर मरते, हे त्यांच्या जिवाला लागलं. पण मग त्यांनी ती पुन्हा वाचली, पुन्हा चिडले, आणि असं करत करत बहुधा पाठ झाली. 'धग'ला अकादमी मिळाली नाही हे मला कॉलेजात कळलं तेव्हा मी तावातावाने त्यांना सांगायला गेले. ते म्हणाले, "मले मालूम हाये. कौतिकले काय फरक पडला?"

इथे एक गोष्ट सांगून टाकते. शिंपी आणि साहित्य म्हटलं की शब्दांचे टाके, वाक्यांची वीण, कथेचं अस्तर अशा ओळी सुचायला लागतात. काकांनी अशी एकही ओळ कधी उच्चारली नाही. कापड कापड होतं, पुस्तक पुस्तक होतं. असल्या उपमा माझ्यासारख्यांना सुचतात, ज्यांनी जन्मात एक काज धड केलेलं नाही.

सिनेमाचं शिक्षण वेगळ्या वाटेने झालं. दूरदर्शनवर रविवारी दुपारी कर्णबधिरांसाठीच्या बातम्या संपल्या की प्रादेशिक भाषेतला चित्रपट लागायचा. बहुतेक पुरस्कार मिळालेले. मल्याळम, बंगाली, असमिया, ओडिया. गल्लीतली मंडळी या वेळेला टीव्ही बंद करून झोपत. काकांच्या घरी मात्र काळापांढरा संच सुरू राही आणि मी जाऊन बसे. खाली इंग्रजी अक्षरं पळायची, ती वाचून होईपर्यंत माणसं पुढच्या खोलीत गेलेली असायची. म्हणून आम्ही अक्षरं सोडली आणि चेहरे धरले. काका विचारत, "या बाईले काय पाहिजे?" मी सांगे. "आन् ते हिले भेटून नाई रायलं, ते कोनामुळं?" मी सांगे. अर्धे अंदाज साफ चुकीचे असणार. पण भाषा न कळता, गाणी नसताना, दोन तास एका अनोळखी बाईकडे लक्ष देऊन बघणं ही सवय मला मंगरूळपीरच्या त्या खोलीत लागली. पुढे चित्रपट महोत्सवांत लोक 'संथ आहे, संथ आहे' म्हणून कुरकुरायला लागले की मला गंमत वाटायची. कोळशाची इस्त्री तापायची वाट पाहणाऱ्याला संथपणाचं काय कौतुक!

आणि मग १९९५ आलं. मी दहावीत. डिसेंबरात बातमी आली की साहित्य अकादमीचा पुरस्कार 'राघववेळ' या कादंबरीला, लेखक नामदेव कांबळे. आपल्या वाशीमचे. मूळ गाव शिरपूर, जैनांचं अंतरिक्ष पार्श्वनाथ जिथे आहे तेच. तेव्हा वाशीम जिल्हासुद्धा नव्हता. तो १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला, म्हणजे अकादमी आधी आली आणि जिल्हाधिकारी नंतर. या क्रमाचा मला अजूनही अभिमान आहे. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी इथे होती, वत्सगुल्म हे जुनं नाव, हे आम्ही इतिहासात शिकलो होतो, पण राजधानी हा भूतकाळ होता. हा माणूस वाशीमच्या रस्त्यावरून चालत होता. शाळेत शिकवत होता. आपल्याकडच्या, दारिद्र्याने आणि जातीने दोन्हीकडून दाबलेल्या घरातली बाई त्याने मराठी कादंबरीच्या मध्यभागी आणून उभी केली होती, आणि ती आमच्यासारखी बोलत होती.

वाचनालयात 'राघववेळ'ची एकच प्रत. बातमीनंतर तिच्यासाठी नंबर लागले. ज्यांनी कधी खातं उघडलं नव्हतं तेही विचारायला आले. बाकावर रोज पुस्तकाची चर्चा, आणि चर्चा करणाऱ्यांत वाचलेला माणूस एकच, मशीनवर बसलेला. काकांनी ती पुरस्काराच्या बऱ्याच आधी वाचली होती. कोणी म्हणालं, फार मोठी कादंबरी आहे म्हणे. काका म्हणाले, "मागच्या महिन्यात बी तेवढीच होती. तवा कोनी नेली नाई." हसण्यावारी गेलं. पण मला त्यातला काटा टोचला, कारण बारीक आवाजात का होईना, मीही 'फार मोठी' म्हणणाऱ्यांत होते.

माझा नंबर आला तेव्हा परीक्षा तोंडावर होती. तरी वाचली. काकांना सांगितलं की मला ती आवडली, पण काही ठिकाणी दुःख इतकं सलग येतं की मला श्वास घ्यावासा वाटला. हे म्हणताना मी घाबरले होते. अकादमी मिळालेल्या, आपल्या गावच्या माणसाच्या पुस्तकाला दहावीतली पोरगी नाव ठेवते आहे. काकांनी कात्री बाजूला ठेवली. म्हणाले, "पान दाखव." मी दाखवलं. त्यांनी ते वाचलं, मागचं वाचलं, पुढचं वाचलं. मग म्हणाले, "मले नाई वाटत तसं. पन तुले वाटलं ते इथंच हाये, हे बरोबर." एवढंच. माझं मत त्यांना पटलं नव्हतं आणि तरी त्यांनी ते माझं म्हणून मला परत दिलं. त्यानंतर मला कितीतरी मोठ्या माणसांनी कितीतरी मोठे शेरे दिले, त्या दिवसाची सर कशालाच नाही. नामदेव कांबळ्यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा मी पहिला फोन काकांना केला. ते म्हणाले, आता पुन्हा नंबर लागतील.

बारावीनंतर माझ्यासाठी एक स्थळ आलं. मुलगा कारंज्याचा, नोकरीवाला, बाबांच्या ओळखीतून. आईने हौसेने कापड आणलं, मोरपंखी रंगाचं, आणि पंजाबी ड्रेस शिवायला काकांकडे टाकला. पाहायला येणार होते त्याच्या आदल्या दिवशी मिळायला हवा होता. मिळाला नाही. "काजं राहिलीत." दुसऱ्या दिवशी, अस्तर आखडलं. मग लाइट नाही, मग कारागीर गावाला गेला. शिंप्याने वेळेवर कपडा दिला नाही यात संशय घेण्यासारखं जगात कोणालाच काही वाटत नाही. नवा ड्रेस झाल्याशिवाय कार्यक्रम नको, असं आईच म्हणाली. आठवड्याचा पंधरवडा झाला. तोवर पाहुण्यांनी दुसरीकडे जमवलं आणि माझा अकोल्याच्या कॉलेजचा फॉर्म भरून झाला. ड्रेस नंतर मिळाला, अगदी मापात. शिलाई घेतली नाही. उशीर झाला म्हणून, असं म्हणाले.

ते मुद्दाम होतं का, हे मी त्यांना कधी विचारलेलं नाही. त्यांनीही कधी सुचवलेलं नाही. बाबा निवृत्त झाले त्या समारंभात काका आले होते, तेव्हा आई हसत म्हणाली होती, "तुमच्या त्या ड्रेसपायी पोरगी शिकली." काका म्हणाले, त्या वर्षी कारागीर लय दगाबाज निघाला.

म्हणून जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' पाहताना माझी पंचाईत झाली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या खेड्यातली सविता, समाजशास्त्र शिकणारी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी. तिला पाहायला एकामागून एक मंडळी येतात. तीच पुरुषांची रांग, तोच स्टूल, तेच प्रश्न: नाव, शिक्षण, उंची. सुरुवातीलाच सगळं उलटं करून दाखवलं आहे. बायका बसलेल्या आणि मुलगा समोर. प्रेक्षक तिथे हसतात आणि मग पुढच्या प्रत्येक कार्यक्रमाला ते हसू आकसत जातं. मी मात्र चहाचा ट्रे बाहेर आला की हसत होते, कारण माझा मोरपंखी ड्रेस कुठेतरी बिनकाजाचा लोंबत होता. शेजारचे बघायला लागले.

टोरांटोला २०२३ मध्ये 'स्थळ'ला नेटपॅक पुरस्कार मिळाला. आपल्याकडे तो थेटरात आला ७ मार्च २०२५ ला. परदेशात कौतुक झालेला चित्रपट म्हणून त्याच्याविषयी इतकं बोललं गेलं की त्यात काय आहे हे मागे पडलं. माझं मत विचाराल तर मुलगी पाहण्याच्या प्रसंगांपेक्षा त्यातला कापूस जास्त बोलतो. बापाच्या कापसाला भाव नाही, आणि भाव नाही म्हणून हुंडा नाही, आणि हुंडा नाही म्हणून पुढचं स्थळ. मुलीचा रंग आणि उंची ही फक्त तोंडदेखली कारणं. जे चित्रपट स्त्रीप्रश्नावरचे म्हणून बक्षिसं घेतात त्यांतले बहुतेक घराच्या उंबऱ्यावर थांबतात. हा जिनिंगपर्यंत जातो. तक्रारही आहे: सविताला वर्गात शिकवणाऱ्या प्राध्यापकाचा धागा मला जरा सोयीचा वाटला. वर्गात स्त्रियांच्या सबलीकरणावर बोलणारा माणूस घरी कसा वागेल, हे दिग्दर्शकाच्या आधी प्रेक्षकालाच कळून चुकतं. आणि कलाकार गावातलेच, बोली तिथलीच. सविताचं काम करणाऱ्या नंदिनी चिकटेच्या चेहऱ्यावर शब्द फार कमी येतात. मला ती रविवारची दुपार आठवली: या बाईले काय पाहिजे?

'श्वास'ची गोष्टही सांगायलाच हवी. २००४. संदीप सावंतांच्या त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'श्यामची आई'नंतर, म्हणजे १९५४ नंतर, मराठीला पहिल्यांदाच. मग तो ऑस्करला भारतातर्फे गेला आणि तिथला प्रचाराचा खर्च भागवायला महाराष्ट्रभर वर्गणी गोळा झाली. शाळांतल्या मुलांनी पैसे दिले. मंगरूळपीरलाही डबा फिरला. काकांच्या दुकानात आला तेव्हा मी तिथे होते. काकांनी नोट टाकली आणि डबेवाल्या पोराला विचारलं, पिक्चर पाहिला का? नव्हता पाहिला. आमच्याकडे तो लागलाच नव्हता. काका म्हणाले, "अमेरिकेतल्या लोकायले दाखवासाठी पैसे गोया करून रायले, आमाले कवा दाखवता?" पोरगं बिचारं काय बोलणार. नंतर तो पाहिल्यावर, आजोबा नातवाला दवाखान्यातून बाहेर घेऊन जातात त्या भागाबद्दल आमचं बराच वेळ बोलणं चाललं. नातवाची दृष्टी जाणार आहे, म्हणून जाण्याआधी त्याला शहर दाखवायचं. काकांच्या मते चित्रपट तेवढ्यातच होता आणि बाकीचा त्यासाठी बांधलेला. मला आजही तसंच वाटतं. ऑस्करचं नामांकन मिळालं नाही. वर्गणी दिलेल्यांपैकी किती जणांनी तो पुढे पाहिला असेल कोण जाणे.

त्याच वर्षीची अकादमी सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला. आमच्या शेजारचा बुलडाणा, तीच काळी माती, तेच सोयाबीन-कापसाचं गणित, शिकून शेतीत अडकलेला एकनाथ. त्या काळात बाकावर बसणारे बहुतेक जण कर्जात होते. पश्चिम विदर्भातल्या आत्महत्यांचे आकडे रोज पेपरात. पुढे २००६ च्या जुलैत पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं त्यांत वाशीम होतं. अशा बाकावर काकांनी 'बारोमास' मोठ्याने वाचायला घेतली. एक शेतकरी उठला आणि म्हणाला, आमचंच दुःख आम्हाला काय वाचून दाखवता, बंद करा. काकांनी बंद केली. वाद घातला नाही. मी घातला असता, मी तेव्हा एम.ए. झाले होते आणि साहित्य माणसाला बळ देतं असं माझं म्हणणं होतं. काकांनी मला डोळ्यांनी गप्प केलं. काही दिवसांनी तोच माणूस आला, पुस्तक घरी न्यायला मागितलं. परत आणल्यावर काकांनी त्यालाही विचारलं, कसं वाटलं. तो म्हणाला, एकनाथच्या बापाचं बरोबर आहे, एकनाथचं चुकतं. काका म्हणाले, पान दाखव. मग ते दोघं जे भांडले! बियाणं, सावकार, पोराचं शिक्षण, सगळं निघालं. समीक्षेचे मोठमोठे परिसंवाद मी पुढे पाहिले. 'बारोमास'वरचा त्याच्या तोडीचा एकही ऐकला नाही.

दुकान कधी बंद पडलं हे नेमकं सांगता येत नाही, कारण ते एका दिवशी पडलं नाही. आधी कारागीर गेला. मग एक मशीन विकली. लग्नसराईत तेवढे ब्लाउज यायचे, शाळांचे गणवेश ठेक्याने बाहेर गेले. तीनशे रुपयांत तयार शर्ट मिळत असेल तर कापड, शिलाई आणि काकांची 'उद्या या' कोण सहन करणार? थोरल्या मुलाने तिथेच तयार कपड्यांचं दुकान टाकलं. काका काउंटरवर बसायला लागले. बाक काढावा लागला, जागा होईना.

२०२४ च्या जूनमध्ये साहित्य अकादमीचे युवा पुरस्कार जाहीर झाले. मराठीत देवीदास सौदागर, पुस्तक 'उसवण'. तुळजापूरचे. स्वतः शिवणकाम केलेला लेखक, आणि कादंबरी रेडिमेडच्या लाटेत काम गमावत जाणाऱ्या शिंप्याची. मी ती वाचायच्या आधीच दोन प्रती मागवल्या, एक काकांच्या पत्त्यावर. त्यांच्या मुलाला मी सांगायला हवं होतं का, असं नंतर वाटलं. कारण ज्या दुकानात ते पुस्तक पोचलं ते, पाहायला गेलं तर, कादंबरीतल्या खलनायकाचंच दुकान. पण मुलगाही हसला. म्हणाला, आमच्याच घरात दोन्ही पार्ट्या आहेत.

आता ती कादंबरी मला कशी वाटली? आवडली. छोटी आहे, आव आणत नाही. युवा पुरस्काराच्या बातम्यांत लेखकाच्या गरिबीचंच इतकं वर्णन आलं की पुस्तक वाचायची गरजच उरू नये. माझा या प्रकाराला कडाडून विरोध आहे. सौदागरांसारखा वॉचमनचं काम करणारा माणूस कादंबरी लिहितो हे आश्चर्य नाही. त्या माणसाला लिहायला वेळ कसा मिळाला, हा प्रश्न आहे, आणि तो पत्रकारांनी लेखकाला नाही, आपल्याला विचारायला हवा. 'उसवण'मध्ये मला सर्वांत पटलं ते हे, की त्यात कोणी दुष्ट नाही. स्वस्त शर्ट घेणाराही गरीबच. माझं एकच म्हणणं होतं की काही जागी लेखक सांगायची घाई करतो. दाखवून झालेलं पुन्हा सांगतो.

काकांनी पुस्तक परत पाठवलं ते पेन्सिलच्या खुणांसह. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, तरी बारीक अक्षरात समासात लिहिलेलं. एका ठिकाणी 'बरोबर' एवढंच. एका ठिकाणी कामाच्या तपशिलावर वाद: असं नाही करत, आमच्याकडे वेगळं. आणि शेवटच्या कोऱ्या पानावर 'धग'शी तुलना. ती त्यांच्या शब्दांत नाही, माझ्या शब्दांत सांगते. महादेवने मशीन सोडली होती, या शिंप्याला मशीनने सोडलं. साठ-पासष्ट वर्षांत शिंप्याचा दोष कमी झाला, आणि घरातल्या बाईचा त्रास होता तेवढाच राहिला. हे वाचून मी 'उसवण'वरचा माझा छापून आलेला लेख पुन्हा काढून पाहिला. त्यात कौतिक नव्हती. कोणाच्याच लेखात नव्हती.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. कृष्णात खोत यांची 'रिंगाण', २०२३ ची अकादमी. धरणात गाव गेल्यावर मागे राहिलेल्या, रानटी झालेल्या म्हशीला परत आणायला निघालेला माणूस. विस्थापनावर इतकं लिहून झाल्यावरही तिने मला धरून ठेवलं, कारण तिथे जनावर प्रतीक म्हणून येत नाही, जनावर म्हणून येतं. नंदा खरे यांच्या 'उद्या'ला २०२० ची अकादमी मिळाली आणि त्यांनी ती नाकारली. तेव्हा नाकारण्यावर जितकं बोललं गेलं त्याच्या पावपट पुस्तकावर बोललं गेलं नाही. माणसांवर पाळत ठेवणारं उद्याचं जग त्यात आहे आणि त्यातला बराचसा उद्या काल होऊन गेला. काकांना 'उद्या' आवडली नाही. फार माणसं, म्हणाले. मी पानं दाखवली, ते बधले नाहीत.

चित्रपटांत, २०२३ सालासाठीचा मराठीचा राष्ट्रीय पुरस्कार सुजय डहाके यांच्या 'श्यामची आई'ला. अत्र्यांच्या चित्रपटाने राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक घेतलं त्याला सत्तर वर्षं उलटली, आणि पुन्हा तीच आई. नवा चित्रपट मुद्दाम काळापांढरा आहे, देखणा आहे. पण ज्या दिवाळीत तो आला त्याच दिवाळीत सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा 'नाळ २' आला आणि माझं मन तिकडे आहे. सख्ख्या आईला शोधत गेलेल्या चैत्याला तिथे भावंडं भेटतात, आणि छोटी चिमी त्याला भाऊ म्हणायला तयार नसते. त्रिशा ठोसर, श्रीनिवास पोकळे, भार्गव जगताप या तिन्ही मुलांना बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला आणि तो वाटून दिला म्हणून कोणी नाक मुरडू नये. ती तिघं मिळून एकच काम आहे. आई थोर आहे हे सांगायला मराठीला कधी अडचण आली नाही. आई कोणती, हे विचारणारा चित्रपट मला जास्त गरजेचा वाटतो.

आणि रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं', २०२५ च्या जानेवारीत सनडान्सला सर्वोच्च ज्युरी पुरस्कार मिळालेला. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला आनंद आणि त्याचा बालपणीचा मित्र बाळ्या. नातेवाइकांची लग्नाची भुणभुण एकीकडे आणि या दोघांची जवळीक दुसरीकडे, आणि मध्ये आई, जिला सगळं माहीत आहे. सुतकातले नियम, कोणी कुठे बसायचं, पायात काय घालायचं नाही, यांतून तो इतक्या धिम्या गतीने माणसं उलगडतो की दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट म्हणून आलेला प्रेक्षक एका विधवेची गोष्ट पाहून बाहेर पडतो. गेल्या वर्षभरात मी पाहिलेला हा सर्वांत चांगला मराठी चित्रपट. त्याच्यावर सर्वांत जास्त बोलणारे, बाजूने आणि विरोधात, न पाहिलेलेच होते.

काकांना फोनवर मी त्याची गोष्ट सांगायला लागले तर त्यांनी अडवलं. "मी पायला नाई. तू सांगशीन तं ते तुह्यं होईन." मी म्हटलं, थेटरात आता नाही, मोबाइलवर आला की नातवाला लावून द्यायला सांगा. ते बरं म्हणाले. मग विचारलं, त्याची आई शेवटी काय करते? मी म्हटलं, तुम्हीच म्हणालात ना सांगू नको म्हणून. फोनवर थोडा वेळ नुसती खरखर. मग म्हणाले, 'उसवण'च्या समासात त्यांनी जिथे माझ्याविरुद्ध लिहिलं आहे त्या दोन पानांचं उत्तर मी अजून दिलेलं नाही, ते आधी पाठव.

ती पानं माझ्या टेबलावर आहेत. एकावर ते बरोबर आहेत. दुसऱ्यावर नाहीत, आणि ते मी रविवारी मंगरूळपीरला जाऊन सांगणार आहे.